भाऊजींची अखंड हजेरी

आमच्या भाऊजींइतका हजर माणूस सबंध गोंदिया जिल्ह्यात दुसरा नाही, आणि असलाच तर तो पोहोचेल तिथे भाऊजी त्याच्या अर्धा तास आधी जाऊन बसलेले असतील. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहणारे अर्जुनी मोरगावजवळच्या एका खेड्यातले. लग्नाला जायचे तर हे मांडववाल्याच्याही आधी. एका लग्नात तर मांडववाल्याने यांना आपलाच माणूस समजून हातात दोरी दिली, आणि भाऊजींनी कोट काढून खांबाला टांगला आणि दोन बाजू बांधूनही दिल्या. "रिकामं कायले बसाचं?" असे वर मलाच विचारतात. बारशाला गेले तर बाळाची अंघोळ व्हायची असते, तेरवीला गेले तर चूल पेटायची असते. माझ्या स्वतःच्या लग्नात वरात तीन तास उशिरा आली. सगळे आरती घेऊन धावले, आणि भाऊजी नवरदेवाजवळ जाऊन घड्याळावर बोट ठेवून म्हणाले, "आज पयला दिवस म्हनून सोडून देतो." माझा नवरा अजूनही त्यांना पाहिले की शर्टाचे वरचे बटण लावतो.

"आला तो आपला, बाकी सारी कारनं," हे त्यांचे ब्रीदवाक्य. पंगत बसली की लोक वाढायला काय आहे ते बघतात. भाऊजी माणसे बघतात. "कोन नाही आला?" आणि जो नसेल त्याला तिथल्या तिथे फोन. आमची तिरोड्याची एक मावशी कुठल्याशा साडीच्या मानापानावरून तीन वर्षे रुसून बसली होती. घरात तिचे नाव काढायची सोय नव्हती. पण भाऊजी प्रत्येक कार्याला तिला फोन करायचे, आणि फक्त एवढेच म्हणायचे, "मावशी, तुमच्या नावापुढं टिंब ठेवून राहिलो जी. फुली नाही मारली." तिसऱ्या वर्षी मावशी आली. दारातच आम्हाला रडत म्हणाली, "त्या टिंबापायी आली मी, तुमच्यापायी नाही." आम्ही बाकीचे नातेवाईक तीन वर्षे समजूत काढत होतो ती सगळी पाण्यात!

भाऊजींचे ऑफिस गोंदियाला, म्हणजे रोज पॅसेंजरने जाणे-येणे. गाडीच्या एक तास आधी हे स्टेशनच्या बाकावर, मांडीवर टिफिन. मी एकदा विचारले, "भाऊजी, तासभर आधी कशाला? ती गाडी कधी वेळेवर येते काय?" तर म्हणाले, "लवकर आली तं?" आता त्या मार्गाच्या इतिहासात गाडी लवकर आल्याची नोंद नाही, पण भाऊजींनी तिला संधी नाकारली नाही. कुणी प्रवाशाने खिडकीवर विचारले की गाडी गेली का, तर तिकीटबाबू मान वर न करता सांगायचा, "टिफिनवाले साहेब बाकावर दिसतात काय? मग नाही गेली." भाऊजींच्या खिशात एक लहान डायरी असायची. तीत ते गाडीला रोज लाल शाईने लेट मार्क द्यायचे. कुणाला दाखवायची नाही, तक्रार करायची नाही, नुसते द्यायचे.

ऑफिस म्हणजे नागपूरच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीची गोंदिया शाखा. इथल्या राईस मिलांचा तांदूळ आमच्या ट्रकांनी चार राज्यांत जातो, आणि प्रत्येक गाडीबरोबर मालाचा कागद जातो, त्याला बिल्टी म्हणतात, ती आम्ही बनवतो. भाऊजी तिथे सुपरवायझर, आणि माझे नशीब बघा, मीही तिथेच. कुणाला वाटेल मेहुणीची शिफारस केली असेल. अहो, कसली शिफारस! मुलाखतीच्या दिवशी त्यांनी मोठ्या साहेबांना बाजूला घेऊन सांगितले होते, "माही साळी होय ते. जरा कडकच पाहजा." हे मला साहेबांनीच नंतर हसत सांगितले. मी त्या दिवाळीला भाऊजींना ओवाळणीच्या ताटात काजूकतलीऐवजी लाल पेन ठेवले, तर त्यांनी ते कौतुकाने खिशाला लावले आणि वर्षभर वापरले. टोमणा त्यांना लागत नाही हा त्यांचा मोठाच दोष आहे.

सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी ते मस्टर ओढून घ्यायचे. एकदा रेल्वे फाटकात त्यांचीच सायकलरिक्षा अडकली आणि ते दहा-चौदाला पोहोचले. त्यांनी खुर्चीवर बसून घाम पुसला, लाल पेन काढले, स्वतःच्या नावापुढे लेट मार्क दिला, आणि मग स्वतःलाच बोलावून समज दिल्यासारखे पाच मिनिटे गप्प बसून राहिले. आमच्या हॉलमध्ये एक सागवानी फळा आहे. वर पांढऱ्या रंगात 'अखंड हजेरी'. जो माणूस एकही दिवस विनापरवाना गैरहजर न राहता निवृत्त होईल, त्याचे नाव त्यावर. लेट मार्क चालतो, मंजूर रजा चालते. न सांगता दांडी मारली की नाव गेले. इतक्या वर्षांत तीन नावे लागली होती. कल्पना भाऊजींची, फळा भाऊजींनी करून घेतलेला, आणि दर शनिवारी त्यावर फडकेही तेच मारायचे. तिसऱ्या नावाखालची रिकामी जागा जरा जास्तच पुसायचे. पेंटरला सांगून ठेवले होते की पुढचे नाव लांब आहे, अक्षर बेताने काढजो. मी म्हणायची, "भाऊजी, जागेला हळदीकुंकू वाहू काय आतापासून?" तर कानाच्या पाळीपर्यंत लाल व्हायचे आणि म्हणायचे, "आपलं काम कर वो." तेहतीस वर्षे त्या माणसाने पगारवाढीचा अर्ज केला नाही, बढती मागितली नाही. त्यांना हवी होती ती फळ्यावरची एवढी वीतभर जागा.

मग साथीची टाळेबंदी आली आणि कंपनीने सगळ्यांना घरूनच बिल्ट्या बनवायला सांगितले. भाऊजींचा लॅपटॉप तांदळाच्या ट्रकमधून अर्जुनीला गेला. पुढचे मला ताईने सांगितले, आणि हसता हसता तिला ठसका लागला म्हणून अर्धेच. भाऊजी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, टिफिन घेऊन मागच्या दाराने निघायचे, तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, एक फेरी मारायचे आणि पुढच्या दाराने घरात यायचे. ते ऑफिस. धानाची पोती ठेवायच्या खोलीच्या दारावर त्यांनी तसा कागदच लावला होता. दुपारी दीड वाजता ते टिफिनमधला गार भात खायचे, आणि दहा हातांवर स्वयंपाकघरात ताई गरम जेवत असायची. एकदा तिने दारातून विचारले, "दळण आणून देता काय?" तर म्हणाले, "हापिसच्या वेळेत घरचा मानूस आत येत नाही." ताई काय कमी आहे? तिने ओट्यावरचा फोन उचलला आणि तिथूनच लावला. "हॅलो, घरून बोलून राहिली जी." आतून आवाज आला, "हाव, बोला!"

पाळीवरची फेरी मात्र नुसती हौस नव्हती. भाऊजींच्या पूर्वजांनीच तो तलाव बांधलेला. गावाची जुनी रीत अशी की पावसाळ्याआधी प्रत्येक घराने आपापल्या वाट्याच्या पाळीवर माती टाकून ती भरून द्यायची. मस्टर नाही, सही नाही. ज्या घरचा माणूस आला नाही त्याच्या वाट्याची पाळ खचलेली राहायची, आणि येणाराजाणारा बघायचा. भाऊजी लहानपणी आजोबांबरोबर तिथे जायचे. "ते खरी हजेरी," ते म्हणायचे. "सही काय, कोनीबी ठोकते. माती टाकली का नाही ते सांग."

चार वर्षे असे घरून चालले. कुणी कुणाचे नुकसान केले नव्हते, ट्रक पोहोचत होते, तांदूळ पोहोचत होता. पण एक दिवस नागपूरला जाग आली. फर्मान निघाले: सगळ्यांनी ऑफिसात यायचे, महिन्याला निदान बारा दिवस, सुपरवायझरने मात्र रोज, आणि आलात की नाही हे तुम्ही नाही, तुमचा फोन सांगेल. फोनमध्ये एक ॲप. ऑफिसभोवती शंभर मीटरचे एक न दिसणारे वर्तुळ. त्याच्या आत उभे राहायचे, फोनला तोंड दाखवायचे, पापणी मिटून उघडायची, की हजेरी लागली. कंपनीने आधी ट्रकांना जीपीएस लावला होता, आता आम्हाला लावला. ट्रकाला निदान पंक्चरची सूट होती. सगळी शाखा शिव्या देत होती, आनंद एकट्या भाऊजींना. "बेस झालं," म्हणाले, "आता कोनाले लबाडी जमत नाही."

असे भोळे! आठ दिवसांत आमच्या लोकांनी पावले टाकून वर्तुळ मोजून काढले. कोपऱ्यावरच्या पोह्यांच्या टपरीत चार बाक होते, त्यांतले दोन वर्तुळाच्या आत आले आणि दोन बाहेर राहिले. बाहेरच्या बाकांवर कुत्रेही बसेना. आतल्या दोन बाकांवर माणसे दिवसभर तर्री-पोहे खात हजर राहू लागली. काहीजण तर तेवढेही कष्ट घेत नसत. गाडी चालू ठेवून फाटकात यायचे, पापणी मारायचे आणि आल्या पावली जवळच्या मुर्री गावात आपल्या घरी. 'आला काय?' याऐवजी 'मारली काय पापणी?' असे विचारायची पद्धतच पडली. भाऊजींचा जीव तळमळायचा. एकदा टपरीसमोर उभे राहून ते बाकावरच्या चौघांना म्हणाले, "हे तं पोट हजर होय बाबू, मानूस कुठी आहे?" चौघांनी त्यांना पोह्यांची एक प्लेट पुढे केली.

आणि त्या ॲपने सूड उगवला तो नेमका भाऊजींवर. झाले असे की ॲप सुरू होण्याआधी चेहरा नोंदवायचा हुकूम आला त्याच दिवशी भाऊजींच्या पुतण्याचे लग्न होते. सकाळी अकराला नागपूरचा निरोप: आज बारा वाजेपर्यंत नोंदणी न केल्यास नाव निघेल. भाऊजी वरबाप नसले तरी घरातले मोठे. डोक्यावर मानाचा गुलाबी फेटा, गालाला हळद, कपाळाला कुंकवात चिकटलेल्या अक्षता. फेटा उतरवावा तर बांधणाऱ्या सोयऱ्याचा अपमान, न नोंदवावे तर कंपनीचा. भाऊजींनी मांडवाच्या खांबाशी उभे राहून, मागे बँड वाजत असताना, तशाच अवतारात पापणी मिटली. ॲपने ते रूप मनापासून स्वीकारले. सोमवारी ऑफिसच्या फाटकात साध्या कपड्यांत उभे राहिले तर फोन म्हणतो, चेहरा जुळत नाही. पाच वेळा केले. शेवटी फाटकावरच्या गार्डने फोनमध्ये डोकावून त्यांना हळूच सांगितले, "साहब, ये आप नहीं हो."

नागपूरच्या मदत केंद्रातल्या पोरीने फोनवर सुचवले की सर, फोटोत डोक्यावर काहीतरी दिसते आहे, तेच घालून बघा. नवीन नोंदणीचा अर्ज तीन टेबलांवर जाणार होता, त्याला महिने लागणार. झाले! दुसऱ्या दिवसापासून भाऊजी टिफिनच्या जोडीला एका पिशवीत फेटा घेऊन पॅसेंजरने येऊ लागले. फाटकात फेट्याचे एक टोक गार्डने धरायचे, दुसरे भाऊजींनी डोक्याभोवती फिरवायचे, आणि मे महिन्याच्या त्या उन्हात, जिथे कावळे सावली सोडत नाहीत, तिथे नवरदेवाच्या काकासारखे उभे राहून डोळा मिचकवायचा. हळदीचे बोट गालाला लावले तर पहिल्याच खेपेला जुळायचे, हेही त्यांनी शोधून काढले. येणारे-जाणारे विचारायचे, "साहब, रोज किसकी शादी है?" ट्रकड्रायव्हर हॉर्न वाजवून सलाम करायचे. मी म्हटले, "भाऊजी, नागपूरला सांगून कागदावर सही करत जा ना नवी नोंदणी होईपर्यंत." तर म्हणाले, "नियम साऱ्यायले एक." आणि घामाने भिजलेला फेटा खिडकीच्या गजावर वाळत टाकला.

आता माझे सांगते. फर्मान निघायच्या थोडेच आधी माझ्या सासूबाईंना लकवा मारला. उजवे अंग गेले, वाचा गेली. आमचे घर गोंदियालगतच्या कुडव्याला, नवरा राईस मिलमध्ये सकाळी आठ ते रात्री आठ. घरून काम होते तोवर मी एका हाताने बिल्टी टाईप करायची आणि दुसऱ्या हाताने त्यांना पेज भरवायची. फर्मान आल्यावर मुर्रीची एक बाई ठेवली, पण तिलाही तिचे घर, तिची शेती. आठवड्यातून दोन-तीन दिवसच ती यायची. माझे पहिल्या महिन्यात नऊ दिवस भरले, दुसऱ्यात दहा. बारा न भरले तर नोटीस, लागोपाठ तीन नोटिसा आल्या की नोकरी संपली. आणि नवऱ्याच्या एका पगारात घर आणि सासूबाईंचे औषध दोन्ही होण्यासारखे नव्हते.

महिन्याअखेर शाखेचा अहवाल नागपूरला जायचा तो भाऊजींच्या सहीने. पहिल्या महिन्यात मी त्यांना म्हटले, "भाऊजी, तीन दिवसांचा तर प्रश्न आहे. तुम्ही 'कामानिमित्त बाहेर' असे लिहिले तर कोण बघते?" त्यांनी मस्टर मिटून बाजूला ठेवले. मग म्हणाले, "लहानी, तू माह्या बायकोची बहीन होय. मस्टरची नाही होय." आणि नोटीस आली ती त्यांनी स्वतः माझ्या टेबलावर आणून दिली, प्रतीवर सही घेतली आणि पाण्याचा ग्लास पुढे ठेवला. दुसऱ्या महिन्यातही तसेच: नोटीस, सही, ग्लास. मी त्यांच्याशी बोलणे सोडले. ताईने आठ दिवस त्यांना वरणाशिवाय भात वाढला. भाऊजी तो मुकाट्याने जेवले, आणि रोज सकाळी मला ऑफिसात "कशी आहे तुई सासू?" म्हणून विचारत राहिले. मी उत्तर द्यायची नाही. हृदयाच्या जागी मस्टर असलेल्या माणसाशी बोलायचे तरी काय, असे मला तेव्हा वाटायचे. खोटे कशाला सांगू, मनातल्या मनात मी त्यांना फार वाईट बोलले आहे.

तिसऱ्या महिन्यात मी जिवाचे रान केले आणि शेवटच्या कामाच्या दिवसापर्यंत अकरा भरले. एकच दिवस हवा होता. आणि त्या सकाळी मुर्रीच्या बाईचा फोन: तिचा दीर वारला. नवरा आदल्या दिवशीच मिलच्या मशीनचा भाग आणायला रायपूरला गेलेला. शेजारच्या घराला कुलूप. सासूबाई खाटेवर, मी त्यांच्या पायाशी. साडेआठला मी भाऊजींना फोन लावला. गाडीने सौंदड सोडले होते, मागे रुळांचा आवाज येत होता. म्हटले, "भाऊजी, आज बाई नाही. मला गैरहजर टाका. संपली माझी नोकरी." भाऊजी म्हणाले, "बरं." आणि फोन ठेवला.

बरं! माय वो, त्या एका शब्दाने मला असा संताप आला म्हणून सांगू! मी स्वयंपाकघरात जाऊन रडले, भांडी आपटली, ताईच्या नशिबाला दोष दिला. पावणेदहाला दारात ऑटो थांबला. बघते तर भाऊजी, हातात टिफिन आणि फेट्याची पिशवी. चपला काढून सरळ सासूबाईंच्या खाटेजवळ गेले, स्टूल ओढले आणि बसले.

"काऊन उभी राहिली? निघ ना."

"आणि आई?"

"मी आहो ना इथं."

मग एकदम लक्षात आले. "भाऊजी, तुमची हजेरी?"

"नाही लावली."

"अहो, ऑफिस तर वाटेत होते! पापणी मारून यायचे होते! सगळे तेच करतात. अजून वेळ आहे, ऑटो उभा आहे, तुम्ही जाऊन मारून या, मी तोवर थांबते."

"अन् मंग इथं येऊन बसू? फोनमंदी तिथं, मानूस इथं?" त्यांनी मान हलवली. "ते मले जमत नाही लहानी."

"मग रजा टाका."

"दोन दिवस आधी टाका लागते. आजची घेत नाही ते."

"भाऊजी, तुमचे चार महिने राहिले हो. त्या फळ्यावरचे नाव जाईल तुमचे. तेहतीस वर्षे..."

भाऊजी सासूबाईंच्या अंगावरची चादर नीट करत होते. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "आमच्या पाळीवर, ज्याच्या घरी कोनी खाटेवर पडलं असे, त्याच्या वाट्याची माती शेजारचा टाके. मंग शेजारच्याचं थोडं मांग राहे. गावात कोनी काही बोले नाही." मग घड्याळ बघितले आणि एकदम सुपरवायझर झाले. "दहा-दहा झाले तं लेट मार्क लागन तुले. कायले रडून राहिली? जा!"

मी स्कूटीवर सबंध रस्ता रडत गेले. दहा-सातला फाटकात पोहोचले, फोनला तोंड दाखवले, तर ॲप म्हणते, डोळे स्पष्ट दिसत नाहीत. पदराने पुसले, पुन्हा केले. तिसऱ्या खेपेला लागली. बारा.

संध्याकाळी घरी आले तेव्हा भाऊजी स्टुलावर तसेच ताठ बसलेले, आणि डोक्यावर फेटा! आणि माझ्या सासूबाई, ज्यांच्या तोंडावर तीन महिन्यांत मी रडण्याशिवाय काही पाहिले नव्हते, त्या तोंडाच्या डाव्या बाजूने हसत होत्या. भाऊजींनी मला उभ्याउभ्याच अहवाल दिला. "अकरा वाजता पेज, अर्धी वाटी. दीडले गोळ्या, दोन. तीनले झोपल्या. चारले फेटा दाखवला, हासल्या. पाचले अजून एक डाव दाखवला, अजून हासल्या." निघायला उठले तर सासूबाईंनी डाव्या हाताने त्यांचे बोट धरून ठेवले. गाडीची वेळ होत होती, मी सोडवायला गेले. भाऊजी म्हणाले, "राहू दे." आणि पुन्हा बसले. त्या दिवशी त्यांची पॅसेंजर चुकली. दिवेलागणीच्या एसटीने ते घरी गेले.

दुसऱ्या दिवशी अहवाल गेला. गैरहजरांच्या यादीत पहिले नाव भाऊजींचे, त्यांच्याच हस्ताक्षरात: विनापरवाना, एक दिवस. कारणाचा रकाना कोरा. मी त्यांच्या टेबलाशी जाऊन भांडले, की निदान कारण तरी लिहा, मी लिहून देते, सही करते. तर म्हणाले, "कारन लिहिलं का माफी मांगल्यासारखं होते. मी काही गुन्हा केला काय?" पेन टोपणात घातले आणि सासूबाई सकाळी काय जेवल्या ते विचारू लागले. त्या दिवसापासून मी त्यांच्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर दिले. पेज किती, झोप किती, हात हलला का, सगळे. दोन महिन्यांनी सासूबाई गेल्या. मग मी महिन्याचे सगळे दिवस ऑफिसात असायची, कधी कधी भाऊजींच्याही आधी पोहोचायची. घरात करायला काय होते?

निरोप समारंभाला नागपूरचे साहेब आले होते. शाल, श्रीफळ, समोसे. ताई नवी साडी नेसून पहिल्या रांगेत. शाखेची पद्धत अशी की निवृत्त होणाऱ्याची हजेरी सगळ्यांसमोर वाचायची, आणि ही पद्धतही भाऊजींनीच पाडलेली. साहेबांनी फोन डोळ्यांजवळ धरून वाचले. तेहतीस वर्षे, लेट मार्क एक, मंजूर रजा इतक्या, विनापरवाना गैरहजेरी एक दिवस. पन्नास डोळे फळ्याकडे गेले आणि परत आले. माझ्या मागच्या रांगेतून कुणीतरी हळूच बोलले, रोज पापणी मारून घरी जाणाऱ्यांपैकीच एक होता तो, "शेवटी यानंबी मारलीच दांडी!" आणि दोघे-तिघे हसले.

माझ्या अंगाची आग झाली. मी उभी राहिले. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला, सगळे वळले, साहेबांनीही फोनवरून मान वर केली. मी तोंड उघडणार तोच भाऊजींनी व्यासपीठावरून माझ्याकडे पाहिले. खांद्यावर शाल, हातात नारळ, चेहऱ्यावर राग नाही, दुःख नाही. हळूच म्हणाले, "बस वो लहानी."

आणि मी बसले. ताईनेही मला नंतर विचारले, बसलीस कशाला? सवयीने बसले असेन. साहेब समोर होते, नोकरी होती, त्याची भीतीही वाटली असेल. भाऊजी त्या संध्याकाळी नारळ मांडीवर घेऊन गाडीच्या एक तास आधी स्टेशनवर जाऊन बसले. मी सोडायला गेले होते. फळ्यावर अजून तीनच नावे आहेत. मी रोज त्याच्यासमोरून जाते आणि रोज मला त्या खुर्चीचा आवाज ऐकू येतो. म्हणून हे लिहिले. तेहतीस वर्षांतल्या त्या एका दिवशी आमचे भाऊजी सकाळी पावणेदहापासून दिवेलागणीपर्यंत कुडव्याला माझ्या सासूच्या खाटेजवळ, स्टुलावर, ताठ बसून होते. भाऊजी, तुम्हाला रागवायचे असेल तर रागवा. या वेळी मी बसायची नाही.